‘थांब’ म्हणाले कोण?

एकेरी लोहमार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वी चालकाच्या हाती धातूचा गोळा, म्हणजेच टोकन, दिले जात असे. वेताच्या कड्याला अडकवलेल्या पिशवीतून ते धावत्या गाडीत कसे पोहोचवले जाई, हे मिरज–लोंढा मार्गालगतच्या गावांतील वडीलधाऱ्यांना सांगावे लागणार नाही. लगतच्या दोन स्थानकांवरील यंत्रे विजेच्या तारेने अशी जखडलेली असत, की एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघतच नसे. गोळा हातात असणे हाच परवानगी खरी असल्याचा पुरावा होता, आणि दूर बसून कोणी तो तयार करून पाठवू शकत नव्हते.

रेडिओलहरींना हा गुण जन्मजात नसतो. ऑगस्ट 2023 मध्ये पोलंडच्या वायव्य भागात वीसहून अधिक गाड्या अचानक उभ्या राहिल्या. तेथील जुन्या रेडिओ व्यवस्थेत ठरावीक तीन सूर एकापाठोपाठ ऐकू आले की गाडीचे आपत्कालीन ब्रेक आपोआप लागतात. हे सूर कोणते, ते गुपित नव्हते. ते कोणी वाजवले, हे तपासण्याची सोय व्यवस्थेत नव्हती. साध्या प्रक्षेपकाने एवढे काम होऊ शकले.

अमेरिकेतील उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तेथे मालगाडीच्या शेवटच्या डब्यावर बसवलेले उपकरण ब्रेकच्या नळीतील हवेचा दाब इंजिनाला कळवते आणि इंजिनाकडून रेडिओवर आज्ञा आल्यास मागूनही ब्रेक लावते. या आज्ञेसोबत केवळ तपासणीचे आकडे जातात. आधार क्रमांकातील शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो, तसाच हा प्रकार आहे: लिहिताना अंक चुकला तर तो उघड होतो, पण गणित ठाऊक असलेल्या कोणालाही नियमात बसणारा नवा क्रमांक रचता येतो. चूक पकडणे आणि तोतया पकडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिल्यासाठी योजलेल्या साधनावर दुसऱ्याचा भार टाकला गेला. एका संशोधकाने हा दोष 2012 मध्येच कळवला होता, तरी तेथील सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची जाहीर सूचना निघायला जुलै 2025 उजाडले. इतका विलंब क्षम्य नाही, असे मला वाटते.

उपाय फार गूढ नाही. पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडेच असलेली गुप्त किल्ली व संदेश यांच्यापासून एक खूण तयार करायची आणि ती संदेशासोबत पाठवायची. किल्ली नसलेल्याला ती रचता येत नाही. ‘थांब’ हा शब्द लपवण्याची गरज नसते, तो कोणाचा आहे हे कळण्याची असते. मात्र कालचा खरा संदेश ध्वनिमुद्रित करून आज पुन्हा सोडला तर खूणही खरीच ठरेल, म्हणून प्रत्येक संदेशात वेळ किंवा क्रमांक गुंफावा लागतो.

आपल्याकडील ‘कवच’ ही गाडीसंरक्षण यंत्रणाही इंजिन आणि स्थानक यांच्यातील रेडिओ संपर्कावर चालते, आणि तिच्या रचनेत गुप्त किल्ल्यांच्या व्यवस्थापनाची स्वतंत्र तरतूद आहे, ही समाधानाची बाब आहे. खरी परीक्षा देखभालीत होते: किल्ल्या वेळेवर बदलणे, दुरुस्तीसाठी काढलेल्या उपकरणातील किल्ली रद्द करणे, आणि रेल्वेची साधने अनेक दशके वापरात राहतात म्हणून दुबळी ठरलेली सांकेतिक पद्धत मधेच बदलता येणे.

लहरींचा गोंगाट करून संपर्कच तोडण्याच्या प्रकारावर मात्र कोणतीही किल्ली चालत नाही. तेथे संपर्क तुटताच गाडीचा वेग आवरला जाईल, अशीच रचना लागते. लोंढ्याच्या पुढे कॅसलरॉकपासून गोव्याकडे उतरणाऱ्या घाटात 37 मीटरला 1 मीटर असा चढउतार आहे. अशा उतारावर भरलेल्या मालगाडीला मागून खोटी आज्ञा मिळण्यापेक्षा ती कॅसलरॉकच्या फलाटावर तासभर उभी राहिलेली केव्हाही बरी.