पॅप नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, मग रक्त का जातंय?

‘पिशवीचा कॅन्सर’ असं सरसकट म्हटलं जातं आणि तिथूनच घोळ सुरू होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर हे दोन वेगळे आजार आहेत. कारण वेगळं, वय वेगळं, तपासणी वेगळी, ऑपरेशनसुद्धा वेगळं. तरीही एकाचा रिपोर्ट हातात धरून दुसऱ्याबद्दल निर्धास्त होणं रोज चालू असतं.

गर्भाशयमुखाबद्दल हल्ली बरंच बोललं जातं, म्हणून इथे थोडक्यात. कारण एचपीव्ही हा विषाणू. त्याचे 16 आणि 18 हे दोन प्रकारच सुमारे 70 टक्के केसेसना जबाबदार असतात. लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं जातात आणि बहुतेक लागणी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. त्यामुळे ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर नव्हे, पुढची तपासणी करायची एवढंच. लस 9 ते 14 वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरानंतर तीन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023 पासून मिळते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण लशीत विषाणूचे सगळे प्रकार नसतात. आणि ही लस अस्तराच्या कॅन्सरपासून काहीही संरक्षण देत नाही.

तपासण्यांपैकी निवड करता येत असेल तर एचपीव्ही डीएनए चाचणी घ्या. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 साली आले. ज्या गटाची एचपीव्ही चाचणी आयुष्यात फक्त एकदा झाली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पॅपने (मुखावरच्या पेशी ब्रशने घेऊन तपासणं) किंवा व्हीआयएने (औषध लावून मुख डोळ्यांनी पाहणं) तसा ठळक फरक पडला नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, तेव्हा मात्र मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. आरोग्य केंद्रात होते ती हीच व्हीआयए: सौम्य ॲसिटिक ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं, ठळक कडेचा पांढरा चट्टा उमटतो का ते पाहायचं. स्वस्त आणि चांगली, पण पुन्हा पुन्हा करायला हवी. शिवाय पाळी गेल्यानंतर तपासायचा भाग मुखाच्या आत सरकतो आणि व्हीआयएत नीट दिसत नाही. साठीच्या बाईची व्हीआयए निगेटिव्ह आली तर त्याला फारसा अर्थ नसतो.

आता जिथे खरी फसगत होते तो मुद्दा.

पाळी बंद होऊन वर्ष उलटलंय आणि पुन्हा रक्त गेलं, मग तो एक डाग का असेना, गुलाबी पाणी का असेना, तर अस्तराची तपासणी व्हायलाच हवी. अशा दहातल्या नऊ बायकांना कॅन्सर नसतो. अस्तर पातळ होऊन सुकलेलं असतं किंवा साधा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ, असते. पण अस्तराचा कॅन्सर झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांपैकी जवळजवळ 90 टक्क्यांमध्ये हेच पहिलं लक्षण असतं. इतकी ठळक आणि इतकी लवकरची सूचना फार थोडे कॅन्सर देतात. ती वाया जाते कशी? बाई जाते, पॅप होते, रिपोर्ट नॉर्मल येतो, ‘उष्णता झाली असेल’ म्हणून गोळ्या मिळतात. पुढे सहा महिने तसेच जातात.

पॅपचा ब्रश गर्भाशयाच्या मुखावर फिरतो. आतल्या पोकळीत तो जातच नाही. अस्तराच्या पेशी कधीमधी खाली गळून त्यात सापडतात, पण तो योगायोग. म्हणून पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावात नॉर्मल पॅपवर फाइल बंद करणं ही चूक आहे, मग ती कितीही मोठ्या दवाखान्यात होवो.

सोनोग्राफीची गोष्ट नेमकी उलटी. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते. पाळी गेलेल्या आणि रक्त गेलेल्या बाईत ती 4 मिमी किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता अगदी थोडी. त्याहून जास्त असेल, अस्तर नीट दिसत नसेल, किंवा अस्तर पातळ असूनही रक्त पुन्हा जात असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवायचा. त्यासाठी दर वेळी भूल देऊन क्युरेटिंग (अस्तर खरवडून काढणं) लागत नाही. पिपेल नावाची सुमारे तीन मिमीची प्लॅस्टिकची नळी मुखातून आत सरकवतात, तिच्यातला दट्ट्या ओढला की पोकळी तयार होते आणि अस्तराचे कण नळीत येतात. ओपीडीत दोन-चार मिनिटांचं काम. कळ येते, पाळीच्या वेळी येते तशी, थोडी जोरात.

हा 4 मिमीचा आकडा पाळी चालू असलेल्या बाईला लावू नका. अडतिसाव्या वर्षी, पाळीच्या चोविसाव्या दिवशी अस्तर 12 मिमी असणं अगदी नॉर्मल आहे. तो रिपोर्ट पाहून घाबरलेल्या बायकांची निम्मी काळजी रिपोर्टवर पाळीची तारीख लिहिली असती तर मिटली असती.

आणि हीच सोनोग्राफी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपूर्व बदलांसाठी आंधळी असते. तिथली सुरुवात पेशींच्या थरात होते. गाठ दिसण्याइतकी वाढ होईपर्यंत सोनोग्राफीत काही येत नाही. ‘महिला हेल्थ चेकअप’ पॅकेजमध्ये पोटाची सोनोग्राफी आणि सीए-125 (अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेली रक्तचाचणी) असतं, पण पॅप किंवा एचपीव्ही नसते, हे पाहून चीड येते. सीए-125 तर पाळीतही वाढतं, फायब्रॉइडमध्येही (गर्भाशयातली साधी गाठ) वाढतं. काही त्रास नसताना ते करू नका.

अस्तराचा कॅन्सर कोणाला जास्त? मुख्य कारण इस्ट्रोजेन हे हार्मोन, ज्याला प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा लगाम नाही. चरबीत इस्ट्रोजेन तयार होतं, म्हणून लठ्ठपणा. पीसीओएसमध्ये बीज सुटत नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही. तीन-तीन महिने पाळी न येणाऱ्या मुलीला ‘बरंय, कटकट नाही’ म्हणून सोडू नये, अस्तर आत साचत असतं. मधुमेह, मूल न होणं, उशिरा पाळी जाणं, स्तनांच्या कॅन्सरसाठी घेतलेलं टॅमॉक्सिफेन हे औषध, घरात आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा इतिहास, हेही. वजन उतरवणं हा इथे प्रतिबंधाचा खरा उपाय. त्रास नसलेल्या बायकांसाठी पॅपसारखी नियमित चाचणी या आजाराला नाही.

पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं, औषधाने बरं होणारं लक्षण. दुर्गंधी आणि रक्त मिसळलेलं पाणी किंवा संबंधानंतर रक्त असेल तर मुख तपासा. पण ‘पांढरं जातंय, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ हे सांगून बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये सगळ्यांनी वाचलं आहे.

पिशवी खरंच काढायची असेल तर आधी पॅप किंवा एचपीव्ही, आणि अवेळी रक्त जात असेल तर अस्तराचा तुकडा, दोन्ही हवेत. मुखाचा कॅन्सर असताना साधी पिशवी काढली तर ते ऑपरेशन अपुरं ठरतं. त्या आजारात आजूबाजूच्या ऊती आणि लसीका ग्रंथींसह मोठं ऑपरेशन किंवा रेडिएशन लागतं. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवली का ते विचारा, रिपोर्ट घरी ठेवा, आणि मुख काढलंय की ठेवलंय ते त्यात वाचून घ्या. मुख ठेवलं असेल तर एचपीव्हीची तपासणी पूर्वीसारखीच चालू.