बीएसई: जर्नलात पक्कं, हातात कच्चं

रत्नागिरीकडच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रॅक्टिकल घेते, त्यामुळे हे दरवर्षी बघते. पोरींना बीएसई, म्हणजे गाठ आहे का हे बघायला आपले स्तन आपणच हाताने तपासायची पद्धत, विचारा, पाळी संपल्यावर काही दिवसांनी, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, कॉलरबोनपासून काखेपर्यंत, सगळं घडाघडा येतं. स्वतः करता का विचारलं की माना खाली. एकजण म्हणाली, "मॅडम, केलं हो एकदा, पण मला सगळंच गाठीसारखं लागतं."

हे प्रकरण तसं जुनं आहे. 1950 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिथल्या सरकारी कॅन्सर संस्थेबरोबर बायकांसाठी बीएसईची फिल्म काढली, न्यूयॉर्कचे सर्जन हॅगेन्सन त्याचे मोठे पुरस्कर्ते. तेव्हा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, कुठे होती, गाठ बाईच्याच हाताला लागायची आणि तीही मोठी झाल्यावर, मग महिन्याला हात फिरवला तर लवकर सापडेल हा साधा हिशोब.

कॉन्फिडन्सचं खूळ नंतरचं. 1977 ला बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की माहिती असून भागत नाही, 'हे मला जमेल' असं वाटलं तरच माणूस करतो. मग व्हिक्टोरिया चॅम्पियन, ह्या स्वतः नर्सिंगच्याच, त्यांनी 1984 ला बीएसईसाठी प्रश्नावली बनवली आणि पुढे त्यात कॉन्फिडन्सचे प्रश्नही आले. तेव्हापासून जगभर नर्सिंगच्या पोरींना हे फॉर्म भरायला देतात. कारण काय तर उद्या ह्याच शिकवणार, आणि खरं सांगायचं तर थिसिसवाल्यांना वर्गात बसलेल्या पोरी आयत्या मिळतात.

खरा दणका शांघायमधून आला. तिथल्या गिरण्यांमधल्या 2,66,064 बायका, निम्म्यांना नीट शिकवलं, करूनही घेतलं, निम्म्यांना नाही. 2002 ला आकडे आले तर ब्रेस्ट कॅन्सरने मृत्यू एकीकडे 135, दुसरीकडे 131. म्हणजे फरक शून्य, उलट शिकवलेल्यांमध्ये साध्या गाठींच्या बायोप्सी जास्त. 2003 ला अमेरिकन सोसायटीनेच दर महिन्याचा आग्रह सोडला. आपल्या जर्नलांना ते अजून कळायचंय.

मग शिकवायचं कशाला? तर टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईत दीड लाख बायकांवर वीस वर्षं जे केलं ते बघा, निम्म्या बायकांची छाती शिकवलेल्या हेल्थ वर्करने दर दोन वर्षांनी हाताने तपासली. 2021 ला निकाल आला, एकूण फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. तिथे मशीन नव्हतं आणि डॉक्टरही नव्हते, नुसती तयार बोटं. ह्या माझ्या पोरी उद्या उपकेंद्रावर जाणार, 30 च्या पुढच्या बायका तपासणार, आणि नॉर्मल कसं लागतं ते स्वतःच्या अंगावर नाही शिकायचं तर कुठे? निदान मला तरी असंच वाटतं.

फ्लोरिडात सत्तरच्या दशकात ह्यासाठी सिलिकॉनची मॉडेलं बनवली होती, आत बारीक गाठी घालून. आमच्याकडे मी कणकेच्या गोळ्यात सुपारी, वाटाणा आणि कुळीथ दडवते. सुपारी सगळ्यांना सापडते, वाटाणा दाबून बघितला की सापडतो. कुळीथ ह्या बॅचमध्ये तिघींनाच सापडला, त्यात ती 'सगळंच गाठीसारखं' वाली होती.