बिट फ्लॅगने शोध वेगवान होतो का?

डेटाबेसमध्ये एका प्रश्नाची अनेक उत्तरं १, २, ४ अशा आकड्यांची बेरीज करून एकाच कॉलममध्ये ठेवली (हेच बिट फ्लॅग) की जागा वाचते, शोधही वेगात होतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. जागेचं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आठ वेगळे बिट कॉलमही (फक्त ० किंवा १ ठेवणारे) आपणहून एका बाइटमध्ये बसवतो.

वेगाचं उलटंच आहे. क्रिकेट १, कबड्डी २, खो-खो ४ धरा. कबड्डीवाल्यांच्या बेरजा २, ३, ६, ७. विखुरलेल्या! साधा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधण्यासाठीची सूची, कॉलममधल्या आकड्यांच्या क्रमाने लागतो, म्हणून ‘कॉलम & २’ (बेरजेत २ आहे का) विचारलं की डेटाबेस एकेक ओळ तपासतो. शोधायचंच असेल तर प्रत्येक निवडीला एक ओळ देणारं जोडटेबल करा. तिथे फॉरेन कीमुळे (नोंद मूळ यादीत असायलाच हवी, या नियमामुळे) अस्तित्वात नसलेला पर्याय शिरतही नाही. बेरीज फक्त एकगठ्ठा वाचायची असेल, तर फ्लॅग खुशाल ठेवा.