स्टँडर्ड इनपुटचे बफरिंग (सी भाषा)

सी भाषेतील प्रोग्राम स्टँडर्ड इनपुटमधून, म्हणजे कीबोर्ड, फाइल किंवा पाइप (एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला पोहोचवणारी जोडणी) यांपैकी जे जोडलेले असेल त्यातून, एकेक अक्षर मागत असला, तरी लायब्ररी ती अक्षरे ऑपरेटिंग सिस्टिमकडून एकगठ्ठा आणते, स्मृतीतील राखीव जागेत म्हणजे बफरमध्ये ठेवते आणि तेथून मागणीनुसार पुरवते. या व्यवस्थेस इनपुटचे बफरिंग म्हणतात. सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी, वेळेच्या दृष्टीने महाग पडतो. त्यांची संख्या कमी करणे हा मूळ हेतू.

उगम : या व्यवस्थेचे श्रेय सामान्यतः बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांच्या ‘पोर्टेबल आय/ओ पॅकेज’ला दिले जाते. त्याचा काळ १९७२–७३ च्या सुमाराचा मानतात. सी भाषेचे जनक डेनिस रिची यांच्या म्हणण्याप्रमाणे हेच पॅकेज पुढे नव्याने घडवून ‘स्टँडर्ड आय/ओ’ तयार झाले; १९७९ मधील युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत ते आढळते. तथापि बफरची कल्पनाच लेस्क यांची, असे म्हणणे कठीण आहे. १९७५ मधील सहाव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये एक अक्षर वाचणारे ‘गेटसी’ हे फंक्शन वेगळ्याच घाटाचे आहे. त्यासाठी ५१८ बाइटांची जागा प्रोग्रामरने स्वतः द्यावयाची असे : ५१२ बाइट मजकुराचे आणि उरलेले सहा हिशेबाचे (फाइलचा क्रमांक, शिल्लक अक्षरांची संख्या, पुढील अक्षराचा पत्ता). सातव्या आवृत्तीतील ‘फाइल’ या स्ट्रक्चरमध्ये याच तीन नोंदी ओळखू येतात. तेव्हा नवे होते ते बफर नव्हे, तर त्याचा सांभाळ लायब्ररीने आपल्याकडे घेणे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्या आवृत्तीत ‘गेटसी’ हा मॅक्रो (वापरल्या जागीच विस्तारला जाणारा कोड) झाला : शिल्लक एकाने कमी करावयाची, काही उरले असल्यास पुढील अक्षर द्यावयाचे, नसेल तरच बफर पुन्हा भरणाऱ्या ‘फिलबफ’ला बोलवावयाचे.

प्रकार : १९८९ च्या एएनएसआय (अमेरिकी मानक संस्था) मानकात पूर्ण (बफर भरेपर्यंत), ओळीपुरते (ओळ संपेपर्यंत) आणि बफरविरहित असे तीन प्रकार असून ‘सेटव्हीबफ’ या फंक्शनने ते बदलता येतात. स्टँडर्ड इनपुट संवादी उपकरणाला जोडलेले नाही अशी खात्री करता आली, तरच ते पूर्ण बफरचे असते. ‘बफसिझ’ हा बफरच्या आकाराचा स्थिरांक किमान २५६ असावा लागतो.

टर्मिनल : एंटर दाबल्याखेरीज एक अक्षर वाचणारे ‘गेटचार’ पुढे सरकत नाही, याचा दोष बहुधा सीच्या बफरला दिला जातो. तो चुकीचा आहे. युनिक्सप्रणीत सिस्टिममध्ये टर्मिनलचा ड्रायव्हर कॅनॉनिकल मोडमध्ये संपूर्ण ओळ स्वतःकडे धरून ठेवतो (बॅकस्पेस चालते ते त्यामुळेच) आणि एंटरनंतरच ती प्रोग्रामच्या हाती देतो. ‘सेटव्हीबफ’ने बफर काढून टाकला, तरी एंटर सुटत नाही, त्यासाठी टर्मिनलची मांडणी बदलणाऱ्या ‘टर्मिऑस’मधून हा मोड बंद करावा लागतो.

ओळ हाती आल्यानंतरची गोष्ट मात्र सीच्या बफरची. वय विचारल्यावर २५ टंकून एंटर दाबले, की बफरमध्ये तीन अक्षरे येतात : २, ५ व नवी ओळ. पूर्णांक वाचणारा ‘स्कॅनएफ’ पहिली दोन घेतो आणि तिसरे पाहून तेथेच सोडतो. पुढचा प्रश्न ‘होय की नाही’ असा एका अक्षराचा असेल, तर ते सोडलेले अक्षरच उत्तर म्हणून उचलले जाते; स्क्रीनवर प्रश्न उमटतो, पण प्रोग्राम थांबत नाही. फॉरमॅटमध्ये एक अक्षर वाचणाऱ्या ‘%सी’च्या आधी एक मोकळी जागा ठेवली, की हे टळते. ओळ ‘एफगेट्स’ने संपूर्ण वाचून मग तिचे विच्छेदन करणे अधिक निर्धोक.

बफरमध्ये उरलेली अक्षरे टाकून देण्यासाठी ‘एफफ्लश’ (आउटपुटचा बफर रिकामा करणारे फंक्शन) स्टँडर्ड इनपुटवर चालवण्याची सवय टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकलेल्या पिढीत खोल रुजली आहे. मानकानुसार इनपुटवर त्याचा परिणाम अनिश्चित आहे. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत त्याने पूर्वी बफर रिकामा होत असे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून काहीच होत नाही.

पाइप : येथे लायब्ररी गरजेपेक्षा अधिक वाचून ठेवते. लिनक्सवरील ग्लिबसी ही सी लायब्ररी पाइपमधून सहसा ४,०९६ बाइट मागते. एकच ओळ वाचून प्रोग्राम संपला, तर बफरमधील उरलेल्या ओळी त्याच्याबरोबर जातात आणि त्याच पाइपमधून पुढे वाचणाऱ्या प्रोग्रामला त्या मिळत नाहीत.