नाकाच्या रूपाची चिंता, किशोरवयीन

वयात येताना स्वतःच्या नाकाच्या लांबीबद्दल, रुंदीबद्दल किंवा बाकाबद्दल वाटणारी अस्वस्थता. श्वास नीट चालू असतो, वासही येतो. तक्रार असते ती फक्त दिसण्याची. बाजूने फोटो काढू न देणे, हसताना तोंडावर हात धरणे, आरशापुढे वारंवार जाणे किंवा आरसाच टाळणे ही तिची नेहमीची रूपे.

या चिंतेला शरीराचा आधार असतो. चेहऱ्याचे सगळे भाग एका वेगाने वाढत नाहीत. वयात येताना नाक झपाट्याने वाढते, खालचा जबडा आणि हनुवटी मागून येतात. त्यामुळे तेराव्या-चौदाव्या वर्षी नाक चेहऱ्याच्या मानाने मोठे दिसू शकते आणि हनुवटी पुढे आली की तेच नाक चेहऱ्यात बसते. नाकाची वाढ मुलींत साधारण १५-१६ व्या वर्षी जवळजवळ पूर्ण होते, मुलांत एक-दोन वर्षे उशिरा. जबड्याची त्यानंतरही चालू राहते. थोडक्यात, निकाल अर्धवट चेहऱ्यावर दिला जातो.

त्यात भर घालते घर आणि शाळा. मराठीत नाकावरून ठेवलेल्या नावांना तोटा नाही : नकटी, फेंदाऱ्या नाकाचा, पोपटनाक्या. चाफेकळी नाक हे कौतुक, तर ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ ही म्हण मुलीच्या कानावर लहानपणापासून पडते. बाळाला न्हाऊ घालताना तेलाच्या बोटांनी नाक ओढून ‘वर काढण्याची’ रीत अजून आहे. तिने हाड किंवा कूर्चा (हाडाहून मऊ, लवचीक ऊती) यांचा आकार बदलत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या, नाक सरळ करणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या चिमट्यांनीही नाही.

मोबाइलचा कॅमेरा हा या यादीतला नवा भिडू. अगदी जवळून, म्हणजे सुमारे ३० सेंमीवरून, काढलेल्या सेल्फीत कॅमेऱ्याला सर्वांत जवळ असलेले नाक फुगते. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गणिती अभ्यासानुसार नाकाचा पाया अशा फोटोत सुमारे ३० टक्के रुंद भासतो; दीड मीटरवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. सेल्फी दाखवून ‘हे बघा’ म्हणणाऱ्या मुलाचे डोळे खोटे बोलत नसतात, कॅमेऱ्याचे जवळचे अंतर बोलत असते.

बहुतेकांची ही चिंता वयाबरोबर ओसरते. मात्र इतरांना न दिसणाऱ्या किंवा किरकोळ वाटणाऱ्या दोषाचा विचार रोज तासन्‌तास चालत असेल आणि त्यापायी शाळा, मित्र सुटत असतील, तर तो देहरूप-विकृतीचा मनोविकार असू शकतो. तो बहुधा १२-१३ व्या वर्षाच्या सुमारास सुरू होतो आणि त्यात नाक हे लक्ष वेधणारे एक प्रमुख ठिकाण असते. त्यावर विचार-वर्तन उपचारपद्धती आणि गरजेप्रमाणे औषधे उपयोगी पडतात. शस्त्रक्रियेने अशा रुग्णाचे समाधान क्वचितच होते : नाक बदलते, तक्रार राहते.

नाकाची शस्त्रक्रिया भारतात जुनी आहे. पुण्यात कपाळाच्या कातडीपासून कापलेले नाक पुन्हा घडवल्याची हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली होती. ते गेलेले नाक परत आणणे होते. असलेले नाक आवडत नाही म्हणून बदलणे ही गोष्ट वेगळी. बर्लिनचे शल्यचिकित्सक जाक योसेफ यांनी १८९६ मध्ये शाळेत चिडवल्या जाणाऱ्या एका मुलाचे बाहेर आलेले कान मागे बसवले आणि त्यापायी नोकरी गमावली. १८९८ मध्ये त्यांनी मोठ्या नाकामुळे लोकांत जायला लाजणाऱ्या एका तरुणाचे नाक लहान केले. आज शल्यचिकित्सक केवळ रूपासाठीची शस्त्रक्रिया वाढ पूर्ण होईपर्यंत सहसा टाळतात, कारण नाकाच्या पडद्याची (दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीची) कूर्चा हे वाढीचे महत्त्वाचे केंद्र असते. नाकाचा आकार बदलण्यासाठी कातडीखाली भरायच्या फिलरची (जेलसारख्या पदार्थाची) इंजेक्शने सोपी वाटतात, पण ती रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील मुलांना सौंदर्यासाठी फिलर देणे हा गुन्हा आहे.

जन्मजात दुभंगलेला ओठ, श्वासाला अडथळा आणणारा वाकडा पडदा आणि दुखापत यांचा विचार वेगळा होतो. खेळताना नाकावर मार बसून पडद्यात रक्त साकळले आणि नाक दोन्हीकडून बंद झाले, तर ते रक्त लगेच काढावे लागते. उशीर झाल्यास कूर्चा मरते आणि नाक खोगिरासारखे खचते.