फ्रीजवरची यादी आणि कॅलेंडरवरचा क्रम

घरातल्या राहिलेल्या कामांची यादी कुठे ना कुठे असतेच: फ्रीजच्या दारावर, मोबाइलच्या नोट्समध्ये, नाहीतर गेल्या वर्षीच्या डायरीच्या कोऱ्या पानांवर. ‘बेडरूमची ट्यूब. फिल्टरची कँडल. आजींचा हयातीचा दाखला. बाथरूम.’ चौथी ओळ वरच्या तिघींसारखीच दिसते आणि घोळ तिथेच होतो. ट्यूब बदलली की रेघ मारून मोकळं होता येतं. ‘बाथरूम’वर मात्र वर्ष उलटलं तरी रेघ पडत नाही, कारण ते एक काम नाहीच. ती एकमेकांत अडकलेली वीस-पंचवीस कामं आहेत. त्यांना यादी पुरत नाही, क्रम लागतो.

यादी सांगते काय राहिलंय. त्यातली कुठलीही ओळ आधी उरका, कुठलीही नंतर. कँडल काही ट्यूबसाठी थांबत नाही. क्रम सांगतो कोण कोणासाठी थांबलंय. तारखेवरून हा फरक ओळखायला गेलात तर फसाल. हयातीच्या दाखल्याला नोव्हेंबरची मुदत असते, तरी ते एकटंदुकटं काम आहे. यादीत त्याच्यापुढे तारीख लिहिली की पुरे.

आता फ्लॅटमधलं जुनं बाथरूम घ्या. आधी सोसायटीची परवानगी, मग तोडफोड, मग डेब्रिज खाली नेणं. त्यानंतर प्लंबर भिंतीत पाइप टाकणार, वायरमन गीझरचा पॉइंट काढणार, पाइपांत दाब देऊन गळती तपासली जाणार. मग वॉटरप्रूफिंग, आणि त्यावर निदान एक-दोन दिवस पाणी भरून ठेवायचं. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली नाही, हे पाहूनच टाइल्स. ही चाचणी गाळण्याचा मोह फार होतो, कारण त्या दिवसांत काम थांबल्यासारखं दिसतं. पण टाइल्स बसल्यावर गळती सापडली तर त्या फोडण्याशिवाय इलाज नसतो.

गंमत खरेदीत आहे. साध्या यादीत ‘नळ, शॉवर, कमोड आणणे’ ही ओळ तळाशी जाते, कारण या वस्तू लागतात शेवटी. क्रम मांडायला बसलं की उलटंच निघतं. कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा कॉक, घेणार असाल तर त्याचा मुख्य भाग भिंतीच्या आत जातो, म्हणजे तो प्लंबर येण्याआधी घरात हवा. कमोडचा निचरा भिंतीतून की जमिनीतून, आणि भिंतीपासून किती अंतरावर, हे ठरल्याशिवाय ड्रेनेजची लाइन टाकता येत नाही. तेव्हा दुकानाची फेरी तोडफोडीच्याही आधी. आरसा, टॉवेलचा दांडा वगैरे खुशाल महिनाभर उशिरा आणा, कुणाचं काही अडत नाही.

कशाला उशीर चालतो आणि कशाला नाही, हे हुडकण्याची रीतसर पद्धत 1957 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या कामातून पुढे आली. मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी ती रासायनिक कारखान्यांची बांधकामं आणि दुरुस्त्या आखण्यासाठी बसवली. एकामागून एक करावीच लागतील अशा कामांची सगळ्यात लांब साखळी शोधायची. काम किती दिवसांत संपेल ते ती साखळी ठरवते. बाथरूमच्या साखळीत सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगचा कोट सुकण्याचे दिवस येतात. तिथे गवंड्याबरोबर आणखी दोन माणसं लावून काही उपयोग नाही.

तारीख आधीच ठरलेली असेल तर क्रम मागून मांडावा. ‘गणपतीच्या आत रंग झाला पाहिजे’ हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतं. 2026 ची गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला. तिथून मागे या: रंगाआधी प्रायमर, त्याआधी पुट्टी, पुट्टीआधी भिंत कोरडी हवी. भिंत कोरडी राहायची तर बाहेरच्या भेगा पावसाआधी बुजवलेल्या हव्यात. म्हणजे गणपतीचा रंग खरं तर एप्रिल-मेमध्ये सुरू होतो. यादीत हे कधीच दिसत नाही. तिथे फक्त ‘रंग’ असं लिहिलेलं असतं आणि ऑगस्टमध्ये ओल्या भिंतीकडे बघत रंगारी मान हलवतो.

साधनांचं म्हणाल तर फार खोलात जाण्यात अर्थ नाही. यादीला कागद बरा. हाताशी असतो आणि घरातला कुणीही त्यात भर घालतो. क्रमाला भिंतीवरचं तारखांचं कॅलेंडर उत्तम. ज्या चौकटींत आपण दूध आणि सिलिंडरच्या नोंदी करतो, तिथेच पेन्सिलीने ‘प्लंबर’, ‘पाणी भरून ठेवणे’, ‘टाइल्स’ लिहायचं. पेन्सिलीनेच, कारण प्लंबर सांगितलेल्या दिवशी येईलच असं नाही आणि तो सरकला की पुढचं सगळं सरकतं. हेच मोबाइलवर करायचं असेल तर एक पाहा: नुसत्या टिका मारायच्या अ‍ॅपमध्ये हे सरकणं दिसत नाही. स्प्रेडशीटमध्ये कामाचं नाव, ‘कशानंतर’ आणि ‘किती दिवस’ असे तीन रकाने केले तरी घरापुरतं भागतं.

उलट टोकालाही माणसं जातात. पंख्याचा रेग्युलेटर बदलायलाही रंगीत तक्ता करणारे आपल्या ओळखीत एखादे तरी असतातच. त्यांना कागदाचा चिटोरा द्यावा. आणि महिनोन्महिने यादीत बसून राहिलेली ओळ दिसली की तिच्यापुढे एकच प्रश्न लिहावा: हे करायच्या आधी काय व्हायला हवं? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर तो निव्वळ आळस आहे. रविवारी सकाळी उरकून टाका. उत्तरात दुसरं काम निघालं, आणि त्याच्यामागे तिसरं, तर ती ओळ फ्रीजवरून काढून कॅलेंडरवर न्या.