मिक्सरमध्येच 32 चॅनलचं साउंडकार्ड बसलंय राव

नागपुरात नवरात्रात कुठल्याही ऑर्केस्ट्राला जा, स्टेजसमोर डिजिटल मिक्सर (सगळ्या माइक-वाद्यांचा आवाज एकत्र करणारं मशीन) असतोच, पुष्कळदा 2012 साली आलेला बेरिंजर एक्स32. पण रेकॉर्डिंग कसं करतात? मेन आउटमधून, म्हणजे स्पीकरला जाणारा तयार मिक्स जिथून निघतो तिथून, वायर काढून लॅपटॉपला लावली, झालं. मग घरी ऐकलं की गाणारी एकदम कानाजवळ अन् ढोलक गायब. काहून? तर छोट्या हॉलमध्ये ढोलक आपल्याच दमावर ऐकू येतो म्हणून साउंडवाल्या भाऊंनी त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ठेवलेला असतो. ते मिक्स हॉलसाठी बरोबरच होतं, रेकॉर्डिंगसाठी नाही.

आता गंमत अशी की त्याच मिक्सरच्या मागे यूएसबीचं सॉकेट आहे अन् त्यातून 32 चॅनल, म्हणजे एकेका माइक-वाद्याची लाइन, वेगवेगळे लॅपटॉपमध्ये जातात. माइकचा बारीक सिग्नल आधी प्रीअँपमधून जातो, तिथे तो मोठा होतो, मग त्याचे आकडे करणारा कन्व्हर्टर सेकंदाला 48,000 वेळा तो मोजतो, प्रत्येक मोजमाप 24 बिटचं, अन् हे आकडे इक्यू (बास-ट्रेबल), कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा), फेडरच्या आधीच यूएसबीकडे वळवता येतात. म्हणजे फेडर कितीही खालीवर करा, रेकॉर्डिंगला धक्का नाही. गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) मात्र प्रीअँपचाच, तो कमी पडला किंवा सिग्नल फाटला तर घरी बसून काही होत नाही, म्हणून आधी गायकाला जोरात गायला लावा आणि पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, मीटरवर -12 डीबीच्या आसपास ठेवा.

दोन-तीन स्वस्त इंटरफेस (लॅपटॉपला लावायचे बाहेरचे साउंडकार्ड) जोडून चॅनल वाढवू म्हणणारे भेटतात. नका करू. प्रत्येकाचं क्लॉक, म्हणजे मोजमापाचा ठेका धरणारं घड्याळ, वेगळं, जुळवलं नाही तर तासाभरात ट्रॅक मागेपुढे सरकतात. मिक्सरमध्ये सगळ्या चॅनलला एकच क्लॉक, तो प्रश्नच नाही.

हिशोब म्हणाल तर 32 चॅनलचे सेकंदाला साधारण 4.6 एमबी, तासाला साडेसोळा जीबी. यूएसबी 2.0 ला हे सहज झेपतं, पण डिस्कवर जागा बघून ठेवा. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (असे बरेच चॅनल लॅपटॉपमध्ये घेणारं सॉफ्टवेअर) टाकावा लागतो, मॅकवर बहुतेक नुसती वायर लावली की झालं. नुसतं रेकॉर्डच करायचंय तर बफर (लॅपटॉप एका वेळी किती आवाज साठवून घेतो ते) मोठा ठेवा, लेटन्सीचं, म्हणजे आवाज उशिरा येण्याचं, टेन्शन नाही, कारण कलाकार मिक्सरमधूनच स्वतःला ऐकतात.

अन् सगळ्यात भारी म्हणजे हेच ट्रॅक त्याच वायरीने परत मिक्सरच्या चॅनलवर आणता येतात, मग गायक यायच्या आधीच कालच्या रेकॉर्डिंगवर साउंडचेक उरकून घ्या. फक्त प्रोग्रामच्या आधी इनपुट यूएसबी कार्डवरून परत माइकवर टाकायचं लक्षात ठेवा, नाहीतर पडदा उघडेल अन् सगळे माइक मुके.